सूर्यभानतात्यांचं खळं आणि न उसळणारा बॉल

तर बॉल पडला आणि पडल्या जागी बसला, इथवर काल आपण आलो होतो, आणि नेमका चहा आला. बसला म्हणजे कसा? भर उन्हात म्हैस डबक्यात बसते तसा. करणनं तो खांद्याच्या उंचीवरून सोडला होता. खाली 'पत्' असा आवाज झाला. बॉल घोट्याएवढा वर आला, नको नको म्हटल्यासारखा जरा हलला आणि गप पडला. करणनं तो उचलला, दाबून पाहिला, मांडीला पुसला आणि पुन्हा सोडला. पुन्हा पत्.

"तात्या," करण म्हणाला, "ही पिच हाय का गादी?"

काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की ही पिच सूर्यभानतात्यांनी आपल्या हातांनी केली होती. पारनेर तालुक्यातलं आडबाजूचं गाव, चैत्रातली यात्रा आणि यात्रेला टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने. करण हा तात्यांच्या पुतण्याचा मुलगा आणि गावच्या टीमचा कॅप्टन. मैदान कुठलं, तर गावाची जुनी खळवाडी. एके काळी अख्ख्या गावाची ज्वारी तिथं मळली जायची. घराघराचं खळं वेगळं, पण तात्यांचे वडील राधाकृष्णबाबा यांच्या खळ्याची गोष्टच न्यारी. जमीन खणायची, खडा न् खडा वेचायचा, पाणी शिंपडायचं, बैल फिरवायचे, मग लाकडी चोपण्यानं बडवायचं आणि वरून शेणाचा काला सारवायचा. बाबांचं खळं झालं की लोक सोयऱ्यांना ते दाखवायला न्यायचे, देऊळ दाखवावं तसे. पायताण घालून खळ्यावर आलेल्या माणसाला, मग तो तलाठी का असेना, बाबा बाहेर काढायचे. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं, "खळं असं पायजे, की लक्ष्मी पडली की जागची हलता कामा नये."

मग मळणीयंत्र आलं. ट्रॅक्टरमागं लावलं की दुपारच्या आत ज्वारी पोत्यात. खळी गेली, बैल गेले, खळवाडीत बाभळी माजल्या. पुढं पोरांनी काठावरची एक सोडून बाकीच्या तोडल्या आणि तिथं स्टंप ठोकले. तात्यांचे हात तेवढे शिल्लक राहिले. त्या हातांना काम नव्हतं. दिवाळीला मागच्या दारी दोन हात सारवायला मिळायचे, कारण पुढच्या अंगणात फरशी बसली होती. त्यावर तात्या रोज सकाळी कावायचे, "घर केलंय का दवाखाना?"

अशात गहिनीनाथनं काढलं सिमेंटचं. गहिनीनाथ ग्रामपंचायतीचा सदस्य, स्टँडवर त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान. त्यानं पारावर जाहीर केलं, की खळवाडीत सिमेंटची पिच तो पदरच्या खर्चानं ओतून देईल. पोरं खूश. तात्या मात्र ताडकन उठले. म्हणाले, "खळवाडीच्या छाताडावर सिमेंट ओतायचं न्हाई. एकदा ओतलं की ती माती मेली. पिच मी करतो."

"तुमी?" गहिनीनाथ हसला. "तात्या, पिच म्हंजे खळं न्हवं."

"राधाकृष्णाच्या पोराला जमीन शिकवतो व्हय रं?"

शेवटी पारावर ठरलं ते असं. यात्रेआधीच्या सोमवारी गावासमोर बॉल खांद्यावरून सोडायचा. गुडघ्याला पोचला, तर पिच मातीची आणि खळवाडीत सिमेंटचं नाव काढायचं नाही. नाही पोचला, तर यात्रेच्या आधी सिमेंट पडणार. तात्यांनी मिशीवर हात फिरवला. गुडघा म्हणजे काय, बॉल छातीला लावतो म्हणाले.

आणि त्यांनी केलं काय? खळं केलं. दुसरं त्यांना येत तरी काय होतं? फक्त गोल करायच्या ऐवजी लांबडं केलं, एवढाच फरक. आणि कैक वर्षांनी हाताला काम मिळालेलं, त्यामुळं हात थांबेना. बाबा सारवायचे त्याच्या दुप्पट काला लावला. चिरा पडू नयेत म्हणून बाबांसारखंच त्यात ज्वारीचं भूस मिसळलं. पिच अशी झाली की बघणाऱ्यानं तिच्यावर पाट मांडून जेवायला बसावं. आणि मग आला करण, बूट घालून.

"पायताण काढ!" तात्या ओरडले.

"तात्या, बॉलिंग टाकायचीय."

"खळ्यावर पायताण? आधी काढ!"

बिचाऱ्यानं बूट काढले, अनवाणी उभा राहिला आणि बॉल सोडला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पत्.

तात्यांचा पहिला संशय बॉलवर. "हा शिळा हाय. नवा आन." नवा आणला. तोही पत्. "ह्यात हवा न्हाई." तिसरा आणला. तिसऱ्यानंही तेच केलं. आता बॉलवर चिडायचं तरी किती? मग तात्यांनी विचार केला, चोपणं कमी पडलं असणार. पहाटे उठून पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा बडवलं, खांदे भरून आले तरी बडवलं, आणि वरून काल्याचा आणखी एक हात दिला. दुपारी बॉल सोडला. आधी घोट्याला यायचा, तो आता घोट्यालाही येईना. जेवढी माया लावावी तेवढी पिच लाडावत चालली.

गहिनीनाथ रोज मोटरसायकल थांबवून विचारायचा, "काय तात्या, उठला का पेशंट?"

तात्या घरी येऊन आदळआपट करायचे. बनुबाई, म्हणजे तात्यांच्या कारभारीण, ताट वाढता वाढता म्हणायच्या, "त्या बॉलवरचा राग भाकरीवर काढू नका. ती न्हाई उडायची."

सून दिपाली शेजारच्या गावच्या हायस्कूलला विज्ञान शिकवते. तिच्याकडे जायची तात्यांची तयारी नव्हती, पण इलाजही नव्हता. एका संध्याकाळी ती वह्या तपासत ओट्यावर बसली होती. तात्या जवळ जाऊन उभे राहिले. खिशातून बॉल काढला आणि फरशीवर सोडला. बॉल चांगला मांडीपर्यंत आला, मग त्याहून खाली, मग आणखी खाली, आणि शेवटी लोळत सुनेच्या पायाशी गेला.

"ह्येचा जोर जातो कुठं?" तात्यांनी विचारलं. चोर पकडायला आलेला फौजदार विचारतो तसं.

दिपालीनं वही मिटली. "मामा, बॉल पडताना त्याच्याकडे जोर असतो ना? खाली आपटला की बॉल चपटा होतो, जमीनही थोडी दबते. मग दोघं परत आपल्या मूळ आकारात येतात आणि येताना बॉलला वर ढकलतात. पण जेवढं दबलं तेवढं सगळं काही परत येत नाही. रबर आतल्या आत घासतं, थोडं गरम होतं. जमीन दबून तशीच राहिली, तर तिला दाबायला लागलेला जोर तिथंच गेला. थोडा आवाजात जातो."

"आवाजात?"

"टप् वाजतं ना? ते फुकट वाजत नाही."

तात्यांना हे मुळीच आवडलं नाही. एवढ्याशा आवाजालाही काही द्यावं लागतं म्हणजे काय! "आन् गरम म्हंतीस. मला तर बॉल गार लागतोय."

"एका आपटण्यात कळण्याएवढा नाही तापत. पण तुम्ही विहिरीचा दगड फोडताना छिन्नीवर घण मारायचात, तेव्हा छिन्नीचं डोकं?"

तात्यांनी अंगठा बोटांवर घासला. छिन्नीचं डोकं चटका देण्याइतकं तापतं हे त्यांच्या बोटांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचाच त्यांना राग आला. "म्हंजे जोर हरवतो," ते पुटपुटले.

"हरवत नाही, मामा. फक्त उडायच्या कामाचा राहत नाही."

"माझ्यावानी," तात्या म्हणाले आणि बॉल उचलून आत गेले.

त्या रात्रीपासून घरात नुसता धुमाकूळ. तात्यांनी बॉल पाट्यावर टाकला, वाकळेवर टाकला, पिठाच्या डब्याच्या झाकणावर टाकला. वाकळेवर तो मेल्यासारखा पडायचा, पाट्यावर जोरात उडायचा. पण पाट्यावरूनही पुरा परत यायचा नाही! एवढा काळा कठीण दगड, त्याला दाबायचं तर घण लागेल. मग तिथं कोण खातं? दिपालीनं स्वयंपाकघरातून सांगितलं, "तिथं बॉल स्वतःच खातो, मामा. रबर दबतं ना."

"म्हंजे चोर घरातलाच," तात्या म्हणाले.

यातून एक फायदा मात्र झाला. गहिनीनाथ दुकानासमोर खुर्ची टाकून चारचौघांत सांगत होता, की सिमेंटवर बॉल टाका, गेला तसा परत हातात येतो. तात्या तिथं पोचले. दुकानापुढं नवाकोरा सिमेंटचा ओटा. तात्यांनी खांद्यावरून बॉल सोडला. मांडीला आला आणि खाली गेला.

"हातात येतोय म्हनत हुतास," तात्या म्हणाले. "तुझं सिमेंट बी खातंय की रं!"

लोक हसले. गहिनीनाथ आधी तांबडा झाला, पण पठ्ठ्याचा हजरजबाबीपणा काही कमी नव्हता. "खातंय ना तात्या. पर माझं सिमेंट चतकोर खातंय. तुमची पिच अख्खी पंगत जेवतीय."

तात्या तडक माघारी फिरले. घरी येईपर्यंत वाटेत ते उत्तर शोधत होते. सापडलं ते झोपताना, आणि तेही कामाचं नव्हतं.

दिपाली एका रविवारी खळवाडीत येऊन पिच बघून गेली. चपला काठावर काढूनच आत आली, हे तात्यांनी बघून ठेवलं. तिनं बोटानं दाबून पाहिलं. म्हणाली, "ओल आहे, मामा. ओली माती दबते. वाळू द्या." मग तात्यांनी पिच वाळू दिली. पाण्याचा थेंब नाही, चोपणं नाही. नुसतं बाभळीच्या बुंध्याशी बसून राहायचं आणि ऊन पडायची वाट बघायची. ज्या माणसाचा हात कधी रिकामा बसला नाही, त्याला जमीन वाळताना बघत बसायला लावणं म्हणजे शिक्षाच. पिच खडखडीत वाळली. कुठं चीर नाही, कुठं पापुद्रा नाही. करणनं बॉल सोडला. पोटरीच्या मध्यापर्यंत आला.

"सुधारला," करण म्हणाला, पण तोंड पाडून.

गुडघा अजून वीतभर लांब होता. आणि ठरलेला सोमवार परवावर आला होता. गहिनीनाथनं खडी आणून मैदानाच्या कडेला टाकलीसुद्धा. टेम्पो खडी ओतून गेला तेव्हा तात्या तिथंच उभे होते. धुरळा अंगावर घेतला, पण हलले नाहीत.

मग घरी आले. बनुबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. तात्यांनी रागानं बॉल भिंतीवर फेकला. तो भिंतीवरून आला तो सरळ सुपावर. सूप उलटं झालं. ज्वारी फरशीवर सांडली, आणि सांडली म्हणजे काय, नाचली! दाणे टपाटप उडाले, पायरीवरून खाली गेले, चुलीपर्यंत गेले, तुळशीपाशी गेले.

बनुबाईंनी कपाळावर हात मारला. "घ्या! आता येचा! ही मेली फरशी, हिच्यावर दाना म्हनून ठरत न्हाई. आन् मामंजींचं खळं आठवा. डोक्यावरून कनसाची पाटी टाकली, तरी दाना पडला की पडल्या जागी. उडायचं नाव न्हाई."

तात्या खाली वाकले होते दाणे वेचायला. ते वाकलेलेच राहिले.

बनुबाई घाबरल्या. "काय झालं? कंबर धरली का?"

"काय म्हनलीस?"

"कंबर धरली का म्हनलं."

"त्येच्या आधी."

"दाना उडत न्हाई म्हनलं. सगळं गाव म्हनायचं."

तात्या फरशीवर बसले. दाणे त्यांच्या भोवती पसरलेले. लक्ष्मी पडली की जागची हलता कामा नये. सगळा जन्म हे वाक्य ऐकलं, लोकांना ऐकवलं, मिशीला पीळ देऊन ऐकवलं. आणि त्याचा अर्थ आज कळला. बाबांची अख्खी करामत कशासाठी होती, तर पडलेल्याची उसळी मोडण्यासाठी. तो काला, ते भूस, तो मऊ जाड हात, सगळं एवढ्यासाठी की दाण्याचा जोर तिथल्या तिथं जिरावा. तात्यांनी गावातली सगळ्यात उत्तम उसळी मोडणारी जमीन केली होती, आणि वर पोरांना म्हणत होते की बॉल उडवा. बरं, ज्याचा राग यावा असं कुणी समोरही नव्हतं. बॉल बरोबर होता, सून बरोबर होती, गहिनीनाथसुद्धा बरोबर होता, आणि बाबा तर सगळ्यांहून बरोबर होते. चिडायचं कुणावर?

दिपाली शाळेतून आली तेव्हा तात्या अजून तिथंच. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे वरचा थर काढावा लागेल, मामा. खालची चोपलेली माती कडक असेल."

"ठाऊक हाय," तात्या म्हणाले, इतकं तोडून, की तिनं पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उजाडताच तात्या खोरं घेऊन खळवाडीत गेले. पोरं मदतीला आली, त्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. काठावर चपला काढल्या. आणि आपल्या हातानं सारवलेला तो आरशासारखा थर ते एकटे खरवडू लागले. खोऱ्याचा करकर आवाज यायचा आणि प्रत्येक वेळी तात्यांचे दात आपोआप आवळायचे. थर निघताना चांगला जाड चामड्यासारखा निघत होता. भूस त्यात इतकं एकजीव झालेलं, की तुकडा हातात धरला तर वाकायचा, मोडायचा नाही. काम एवढं चांगलं झालं होतं! तेच तर दुखत होतं. वाईट काम मोडायला माणसाला काही वाटत नाही.

खालची माती उघडी पडली. ती चोपून कडक झाली होती खरी, पण खोऱ्यानं जागोजागी ओरबाडली गेली. त्यावर रूळ फिरवायला हवा होता. शाळेमागं एक जुना दगडी रूळ पडून होता, पण ओढायला बैल कुठले? ट्रॅक्टर हवा. आणि मोकळा ट्रॅक्टर गावात एकाकडेच होता.

तात्या गहिनीनाथच्या दुकानापाशी गेले. आत गेले नाहीत, ओट्याखालीच थांबले. "ट्रॅक्टर पायजे. रूळ ओढायला."

गहिनीनाथनं डोळे मोठे केले. "माझ्याच ट्रॅक्टरनं माझंच सिमेंट अडवायचं?"

"द्यायचा तर दे. न्हाई तर मी पोरं जुंपतो रुळाला."

"पोरं कशाला, म्हातारपणी तुमी सोताच जुंपून घ्याल," गहिनीनाथ म्हणाला आणि किल्ली घेऊन स्वतःच निघाला. त्याचा आजा राधाकृष्णबाबांच्याच खळ्यावर मळणी करायचा, हे तो विसरला नव्हता, पण बोलून दाखवणाऱ्यातला तो नव्हे. ट्रॅक्टर मैदानात आणला तेव्हा मात्र पिचच्या काठावर थांबला आणि तात्यांकडे बघत म्हणाला, "टायरचं पायताण काढू का?"

तात्या हसले नाहीत. पण "चल, चल," एवढं म्हणाले.

सोमवारी सकाळी गाव जमलं. पिच आता दिसायला अगदीच दरिद्री. करडी, उघडी, कुठं शेणाची हिरवट झाक नाही, काही नाही. खळं म्हणून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ह्या घरात माणूस उरलं नाही वाटतं. बॉल सोडायला गहिनीनाथ स्वतः उभा राहिला, म्हणजे पुढं कुणी कुरकुर करायला नको. करण शेजारी गुडघा उघडा करून उभा. गहिनीनाथनं हात खांद्याच्या उंचीला धरला आणि बॉल सोडला.

या वेळी पत् नाही वाजलं. टण् वाजलं. बॉल वर आला, करणच्या गुडघ्याच्या वाटीला घासून गेला आणि खाली गेला.

"लागला!" पोरं ओरडली. "तात्या, लागला!"

गहिनीनाथनं पुन्हा सोडला. पुन्हा वाटीला. त्यानं बॉल करणकडे फेकला आणि म्हणाला, "बरं. खडी मी उचलून न्हेतो." आणि जाता जाता, "पर माझ्या ओट्यावर मांडीला येतो, हे ध्यानात असू द्या तात्या."

पोरं नाचत होती. तात्या मात्र गेले ते त्या खरवडलेल्या थराच्या ढिगाकडे, काठावर लावून ठेवला होता तिकडे. त्यातला एक तुकडा उचलला, धूळ झटकली आणि बाकीच्यांवर नीट रचून ठेवला.

सामने झाले. लाऊडस्पीकर, कॉमेंट्री, वडापावचे गाडे, सगळा थाट. आपली टीम कितव्या नंबरावर आली ते करणलाच विचारा, तो आजही पंचावर घसरतो. पण पहिल्या दिवशीचा डाव संपला आणि माईकवाल्या पोराला हुक्की आली. तो माईक घेऊन बाभळीखाली बसलेल्या तात्यांपाशी गेला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मंडळी, ज्यांनी ही जबरदस्त पिच बनवली ते सूर्यभानतात्या आपल्यासोबत आहेत! तात्या, अशी पिच बनवायचं गुपित काय, ते सगळ्यांना सांगा."

तात्यांनी माईक हातात घेतला, त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि म्हणाले, "गुपित कशाचं डोंबलाचं! माझ्या बापानं शिकवलं ते समदं खरवडून टाकलं, तवा कुठं तुमचा बॉल गुडघ्याला आला. यात्रा सरली की मी हितं परत सारवनार हाय, कुनी आडवं यायचं न्हाई. आन् त्या करणला सांगा, तवर बूट घालून नाचायचं त्येवढं नाचून घे म्हनावं."